शिडीचा पाय

चिमूरच्या बाजूस मृग नक्षत्र जवळ आले की ज्या घरांवर आजही कवेलू आहेत तेथे ती फेरण्याची घाई सुरू होते आणि बांबूची शिडी भिंतीला लागते. बांबू या जंगलमुलखात विपुल. शिडी सहज मिळते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. जुना बांबू वरून धड दिसतो, परंतु किडीने आतून त्याचे पीठ केलेले असते. यास्तव चढण्यापूर्वी प्रत्येक पायरी व तिचा बंध दाबून पाहावा. या दिवसांत पाय मोडलेल्या मजुराचा धानाचा सारा हंगाम बुडतो.

शिडी फार उभी ठेवली तर माणसासह मागे कलंडते. फार तिरपी ठेवली तर तिचा पाय घसरतो. बारा फूट उंचीवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट असावा. तिचे टोक वळचणीच्या वर आणखी तीन फूट निघावे, म्हणजे छपरावर उतरताना हाताला आधार राहतो. सारवलेले ओले अंगण तर फारच फसवे. तेथे शिडीचे पाय खळग्यात रोवावेत आणि एकाने ती धरावी. मात्र त्याने कवेलू निसटून पडेल अशा जागी उभे राहू नये. चढणाऱ्याने हात मोकळे ठेवावेत, टोपली मागाहून दोरीने ओढून घ्यावी. विजेच्या तारेजवळ शिडी नेऊच नये. ओल्या बांबूतूनही वीज वाहते.