फुप्फुसापेक्षा चेहरा जवळचा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात औषधांच्या काही दुकानांत एक प्रयोग झाला. १८ ते ३० वयाची, सिगारेट ओढणारी १६० मंडळी. फार्मासिस्टने सगळ्यांनाच सिगारेट सोडण्याचा नेहमीचा दोन मिनिटांचा सल्ला दिला. निम्म्यांचा मात्र तिथेच फोटो काढला आणि संगणकाने तो म्हातारा करून दाखवला. सिगारेट चालू ठेवली तर चेहरा कसा होईल, सोडली तर कसा, असा शेजारी-शेजारी.

सहा महिन्यांनी नुसता सल्ला ऐकलेल्या ८० जणांपैकी पाच जण म्हणाले, ‘सोडली.’ चेहरा पाहिलेल्या ८० जणांपैकी २२. मग श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. पहिल्या गटात खात्रीने सुटलेला एकच निघाला, दुसऱ्यात ११. तोंडी हिशोब दोन्हीकडे फुगलेला होता, पण फरक उरलाच. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

सिगारेटने कर्करोग होतो हे या सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पण बाविशीत कर्करोग म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी, पुढे कधीतरी होणारा आजार. सुरकुत्या मात्र आपल्याच डोळ्यांखाली.

आरोग्याची बरीच संकेतस्थळं इथेच चुकतात. पीसीओएसचं पान उघडणाऱ्या मुलीला चुकलेल्या पाळीचं आणि हनुवटीवरच्या केसांचं विचारायचं असतं. पान तिला आधी व्याख्या ऐकवतं, मग पुढे होऊ शकणाऱ्या मधुमेहाची भीती घालतं. धोका खरा आहे. पण तिथवर ती पोचतच नाही.

‘माझ्याशी संबंध’ असला की डोकंही वेगळं चालतं. १९८१ साली पेटी, कॅचिओपो आणि गोल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी मिसुरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, की पदवीआधी एक जादा परीक्षा घेण्याचा प्रस्ताव आहे. काहींना ती पुढच्याच वर्षी, काहींना दहा वर्षांनी. पुढच्या वर्षीचं ऐकलेल्यांनी प्रस्तावामागचे मुद्दे किती पक्के आहेत हे तपासलं. दहा वर्षांवाल्यांनी पाहिलं ते मुख्यतः सांगणारा कोण: तज्ज्ञांचा आयोग की शाळकरी मुलं.

यावरून वाटेल, विषय जवळचा केला की काम झालं. तसं नाही. टिकटॉकवरच्या एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक गाजलेल्या १०० व्हिडिओंची तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ५२ दिशाभूल करणारे ठरले, आणि ते बहुतांशी आरोग्यक्षेत्राबाहेरच्या लोकांनी टाकलेले होते. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण असल्या व्हिडिओंचा साचा रील्समध्ये रोज दिसतो. किल्ल्या सापडत नाहीत? तासाला लक्ष लागत नाही? काम शेवटच्या दिवसापर्यंत रेंगाळतं? असं ज्याचं कधीच होत नाही असा माणूस विरळाच. त्यामुळे पाहणाऱ्याला ‘हे तर माझंच’ वाटतं. पर्थच्या दुकानात तो चेहरा खरोखर त्याचाच होता. इथे वर्णन कुणालाही बसेल इतकं सैल असतं, आणि निदानाला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी (लक्षणं लहानपणापासून आहेत का, घरी आणि कामावर दोन्हीकडे त्यांनी अडतं का) तीस सेकंदांत मावत नाहीत.