सर्वकालीन श्रेष्ठ कोण? (लेखांक ३) : समकालीनांपासूनचे अंतर

एकूण धावांची किंवा पदकांची बेरीज श्रेष्ठत्वाचा निवाडा करू शकत नाही, हे मागील लेखात आपण पाहिले. सचिन तेंडुलकरच्या २०० कसोटींत १५,९२१ धावा आहेत, तर डॉन ब्रॅडमनच्या ५२ कसोटींत ६,९९६. महायुद्धामुळे १९३९ ते १९४५ या काळात ब्रॅडमन एकही कसोटी खेळू शकला नाही. तो दोष त्याच्या फलंदाजीचा नव्हे. बेरीज बाजूला ठेवली, तर माझ्या मते सर्वांत न्याय्य कसोटी एकच उरते : तीच खेळपट्टी, तेच साहित्य आणि तेच नियम वाट्याला आलेल्या उत्तम समकालीनांच्या पुढे खेळाडू किती गेला?

या कसोटीवर ब्रॅडमन थक्क करतो. जॉर्ज हेडलीची सरासरी ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफची ६०.७३, वॉली हॅमंडची ५८.४५. हे तिघेही दिग्गज एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि ब्रॅडमन ९९.९४ वर! जुलै १९३० मधली लीड्सची कसोटी घ्या. पहिल्या दिवशी उपाहाराला तो १०५ वर नाबाद होता, चहापानाला २२० वर आणि खेळ थांबला तेव्हा ३०९ वर. त्याच सामन्यात हॅमंडनेही ११३ धावांची सुरेख खेळी केली. पण ब्रॅडमनच्या ३३४ पुढे ती झाकोळून गेली.

यावर पहिला आक्षेप असा की, तो काळच फलंदाजांना सोपा होता. पण सोपा काळ सर्वांनाच सोपा असतो. मग हॅमंड साठीच्या आतच का राहिला? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या वेळी कसोटी खेळणारे देश मोजके होते, स्पर्धा विरळ होती आणि विरळ स्पर्धेत एखाद्याला फार पुढे निघून जाणे सोपे जाते. खेळ व्यावसायिक झाला की सर्वांचाच दर्जा उंचावतो आणि अंतरे आक्रसतात. हे मान्यच करायला हवे. म्हणून आजच्या खेळाडूची आघाडी लहान दिसली तरी तिला कमी लेखू नये. मात्र स्पर्धा ब्रॅडमनच्या आधीही विरळच होती. त्या पिढ्यांत जॅक हॉब्जसारखे थोर फलंदाज झाले, पण एवढी झेप कोणालाच घेता आली नाही. केवळ काळाने हे अंतर निर्माण केले असते, तर ते आणखी कोणाच्या तरी नावावर दिसले असते.

तिसरा आक्षेप बॉडीलाइनचा. १९३२-३३ मध्ये लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभारून इंग्लंडच्या वेगवान गोलंदाज लारवूडने अंगावर आखूड चेंडूंचा मारा केला आणि ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली. म्हणजे त्याला रोखता येत होते, हे खरे. पण इतरांची ज्या सरासरीने वाहवा होते, तिथपर्यंत त्याला खाली आणायला इंग्लंडला एवढा खटाटोप करावा लागला, आणि तरीही त्या मालिकेत ऑस्ट्रेलियाच्या सरासरीत पहिला तोच होता. हा आक्षेप त्याची मर्यादा दाखवतो, तसाच त्याचा दरारासुद्धा.

म्हणून माझा आग्रह असा : कोणालाही सर्वकालीन श्रेष्ठ म्हणण्यापूर्वी त्याच्या सोबत्यांची कामगिरी शेजारी मांडावी आणि त्या काळातली स्पर्धा किती दाट होती, हे लक्षात घेऊन अंतराचे मोल ठरवावे. क्रिकेटमध्ये फलंदाजाने बॅटने काढलेल्या प्रत्येक धावेची नोंद त्याच्या नावावर होते, म्हणून हे जमते. ज्या खेळांत एकट्याचा वाटा असा वेगळा काढता येत नाही, त्या फुटबॉलसारख्या खेळांचे काय करायचे, याचा विचार पुढील लेखात.