दंतवैद्याची सुई

दाढ किडते, रात्रभर ठणका लागतो, लवंगेचें तेल लावून होतें, मिठाच्या पाण्यानें गुळण्या करून होतात. तरीहि मनुष्य दंतवैद्याकडे जाण्याचें टाळीत राहतो. कारण विचारलें तर दाढ काढण्याचें नांव तो क्वचितच घेतो. त्याला धास्ती असते ती हिरडींत टोंचावयाच्या सुईची. वेदना होऊं नये म्हणून जी सुई निघाली तिच्याच भीतीनें वेदना सोशीत बसावें, हा प्रकार विचित्र खरा. पण तेवढ्या दिरंगाईंत भरून वांचली असती ती दाढ काढावी लागते, आणि एखादे वेळीं पू जबड्याखालीं उतरून जिवावरहि बेततें.

कोकेनच्या द्रवानें डोळा बधिर होतो हें व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं १८८४ सालीं दाखविलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॉल्स्टेड यांनीं खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशीं तो द्रव टोंचून दांत बधिर केले. मात्र असले प्रयोग स्वतःवर करतां करतां त्यांना कोकेनचें व्यसन जडलें. पुढें १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलें, आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिग्नोकेन सिद्ध झालें. आज दंतवैद्य बहुधा हेंच वापरतात.

ही सुई दुखते कां? टोंक जाड म्हणून, असें रोगी समजतो. वस्तुतः नेहमींच्या वापरांतील थोड्या जाड व थोड्या बारीक सुयांतील फरक रोग्यांस सहसा ओळखतांहि येत नाहीं. टोंचणी क्षणाची असते. खरी कळ येते ती त्यानंतर, औषध आंत शिरतांना. घाईनें लोटलेला द्रव तेथील मांस ताणतो. गालाच्या आंतल्या बाजूस त्वचा सैल असल्यामुळें तो सामावला जातो. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली, तेथें जागाच नाहीं. म्हणून टाळूंतील सुई सर्वांत दुःसह होते.

दुसरें कारण रासायनिक आहे. औषध जागेवर टिकावें म्हणून त्यांत ॲड्रेनॅलिन मिसळतात, आणि तें नासूं नये म्हणून द्रव मुद्दाम आम्ल ठेवतात. शरीराचा पीएच सुमारें ७.४, तर या द्रवाचा बहुधा ३ ते ५ यांच्या दरम्यान, म्हणजे संत्र्याच्या रसाजवळचा. जखमेवर असा रस पिळला तर चरचरणारच. टोंचण्यापूर्वीं त्यांत मापानें सोडा-बाय-कार्ब मिसळल्यास ही चरचर कमी होते. सुजलेली जागा स्वतःच आम्ल झालेली असते; तेथें औषधाचा थोडाच अंश मज्जातंतूंत शिरूं शकतो, आणि सुई पुन्हां टोंचावी लागते. भीतीनें उशीर करणारा मनुष्य अशा रीतीनें आपल्याच सुया वाढवून घेतो.

उपायांत मुख्य उपाय सावकाशी हाच, आणि त्याला खर्च कांहींच नाहीं. मिनिटास १ मिलिलिटर ही सुरक्षित गति मानली जाते; म्हणजे १.८ मिलिलिटरची नळी रिकामी होण्यास जवळजवळ दोन मिनिटें लागावयास हवींत. दाराबाहेर रोग्यांची रांग असली कीं तेवढा धीर राहत नाहीं, ही गोष्ट वेगळी. आधीं दोन-चार थेंब सोडून क्षणभर थांबावें व बधिर झालेल्या वाटेनेंच पुढें जावें. औषध संथ सोडणारीं संगणकचालित यंत्रें १९९० नंतर निघालीं आहेत. पण संथ हातहि तेंच काम करतो.

टोंचण्याच्या जागीं बधिर करणारा मलम लावण्याची रीत सर्वत्र आहे, पण तो ओल्या हिरडीवर लावून लगेच सुई घातली तर लावणें व्यर्थ. जागा कापसानें कोरडी करून एक-दोन मिनिटें वाट पाहावी लागते. तरीहि त्याचा परिणाम वरच्या दोन-तीन मिलिमीटरांपुरताच. टाळूवर मलम फारसा चालत नाहीं. तेथें हत्याराच्या बोथट टोंकानें, त्वचा पांढरी पडेपर्यंत, दाबून धरतात व शेजारीं सुई घालतात. गाल ताणून हलविण्यामागेंहि कारण आहे. स्पर्शाची व दाबाची जाणीव वेदनेचा मार्ग अडविते, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडला. ठेंच लागतांच मनुष्य अंगठा चोळतो, तें याचसाठीं.

मुलांच्या बाबतींत निम्मा त्रास घरींच तयार होतो. “गप्प बस, नाहींतर डॉक्टर सुई टोंचतील” असा धाक वर्षभर घातलेल्या मुलास खुर्चींत शांत बसविणें कठीण. “मुळींच दुखणार नाहीं” ही थापहि तितकीच वाईट. एकदां खोटी ठरली कीं पुढच्या खेपेस मूल तोंडच उघडत नाहीं. मुंगी चावल्यासारखें वाटेल, मग दाढ झोंपी जाईल, असें सांगावें, आणि दुखल्यास डावा हात वर कर, मी थांबेन, असें दंतवैद्यानें कबूल करावें. हात वर होतांच मात्र त्यानें खरोखर थांबलें पाहिजे.