खाली बसवलेली पद्मिनी आणि चाकांचा हिशेब

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव खारघरचा डोंगर आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले असून, सिडकोने आखलेले रुंद रस्ते, गावठाणातील चिंचोळ्या वाटा, मालमोटारींच्या राबत्याने खचणारे जोडरस्ते आणि गावोगावी असतात तसे दारोदारचे गतिरोधक, असे रस्त्यांचे नाना प्रकार या परिसरात थोडक्या अंतरात भेटतात. जुनी मोटार खाली बसविण्याची, म्हणजे तिच्या स्प्रिंगा आखूड करून आणि पाटे सरळ करून तिचा देह जमिनीच्या निकट आणण्याची जी हौस हल्ली तरुण मंडळींत दिसते, तिच्या गुणदोषांची परीक्षा घेण्यास असा मुलूख फार उपयुक्त आहे. प्रदर्शनाच्या मैदानात उभी असलेली गाडी कोणत्याही चाकांवर शोभते. ती रोजच्या रस्त्यावर आली म्हणजे मात्र चाक आणि टायर यांची निवड हा शोभेचा विषय न उरता पदार्थविज्ञानाचा विषय होतो.

या हौसेस आपल्याकडे सर्वांत अधिक पात्र ठरलेली गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बांधल्या. १९५० च्या दशकातील ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, पुढे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, आणि तिचेच नाव १९७० च्या दशकात बदलून पद्मिनी. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढच्या चाकांना स्प्रिंगा, मागच्या अखंड अ‍ॅक्सलला पोलादी पाटे, आणि सुमारे ९०० किलो वजन, असा तिचा साधा संसार होता. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने दोन पिढ्यांची सेवा केली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. भाड्याचा धंदा संपला तरी खाजगी मालकीच्या पद्मिन्या टिकून राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला आता नवा रंग, नवी चाके आणि खाली बसणे आले आहे.

गाडी खाली बसविण्यात केवळ दिखाऊपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि तो किती सरकेल हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर व डाव्या-उजव्या चाकांतील अंतरावर अवलंबून असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, आणि गाडी ५ सेंटिमीटर खाली आणली, तर भाराचे हे स्थलांतर सुमारे एकअकरांश, म्हणजे नऊ टक्क्यांनी घटते. लाभ खरा आहे, पण माफक आहे.

त्याची किंमत मात्र माफक नाही. चाक खड्ड्यात आदळते तेव्हा त्या आघाताची ऊर्जा स्प्रिंगने दबून पोटात घ्यावयाची असते, आणि स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दबण्यास मिळणारी जागा निम्मी झाली, तर तेवढीच ऊर्जा सामावून घेण्यास स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक असावी लागते, आणि तसे केल्यावरही प्रवाशांच्या पाठीस पोहोचणारा कमाल जोर दुप्पट होतो. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगमधून दोन वेढे कापणाऱ्या मिस्त्रीने तिचा कडकपणा अवघा एकतृतीयांशाने वाढविलेला असतो. उरलेला आघात रबरी बफरवर, आणि बफर दबल्यावर सांगाड्यावर येतो. खाली बसवलेल्या गाडीत खरोखर मऊ अशी एकच वस्तू शिल्लक राहते, ती म्हणजे टायरमधील हवा. चाकांच्या निवडीचा सारा विचार या एका विधानापासून सुरू झाला पाहिजे.

हवेवर चालण्याची ही कल्पना मुळातच धक्के शोषण्यासाठी जन्मास आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते विस्मृतीत गेल्यावर १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली. पुढे मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल रचनेचे पेटंट घेतले. जुन्या टायरमधील दोऱ्यांचे थर परस्परांना तिरके छेदून जात. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा बसतो, त्यामुळे भिंत लवचीक राहूनही रस्त्यास टेकणारा भाग सपाट राहतो. या दोन जातींचे वर्तन वळणावर इतके भिन्न असते की एकाच अ‍ॅक्सलवर एक जुना आणि एक रेडियल टायर बसविणे धोक्याचे ठरते.

आता आकड्यांकडे वळू. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४ या मापाचा होता. म्हणजे रुंदी ५.२० इंच, सुमारे १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच, ३५५.६ मिलिमीटर. हवा भरलेल्या या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६१० मिलिमीटर भरतो, म्हणजे रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंतची भिंत १२७ मिलिमीटर उंच असते. नव्या पद्धतीत १६५/६५ आर १४ असे लिहिले असल्यास १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे त्या रुंदीशी भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा व्यास. या टायरची भिंत १०७ मिलिमीटर आणि बाह्य व्यास ५७० होतो. तो बसविला की गाडी आणखी २० मिलिमीटर खाली येते, आणि चाक लहान झाल्यामुळे स्पीडोमीटर ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता प्रत्यक्ष वेग ५६ असतो. हौसेची परिसीमा म्हणून कोणी १५ इंची रिमवर १९५/४५ चा टायर चढविला, तर भिंत अवघी ८८ मिलिमीटर उरते. स्प्रिंगेची मऊपणाची पुंजी अगोदरच खर्ची पडलेल्या गाडीच्या टायरमधूनही जवळजवळ चार सेंटिमीटर वजा होतात. मग खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो, रिमचा काठ वाकतो किंवा भिंतीतील दोरे तुटून बाजूस फुगा येतो, आणि त्या फुग्यावर कोणताही पंक्चरवाला इलाज करू शकत नाही.

उलट, अलीकडच्या स्विफ्ट व डिझायर गाड्यांच्या काही प्रकारांना येणारा १६५/८० आर १४ हा टायर घ्या. त्याची भिंत १३२ मिलिमीटर आणि बाह्य व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. अर्धशतकापूर्वीच्या मापाहून फरक दीड-पावणेदोन टक्क्यांचा. १७५/७० आर १४ घेतल्यास व्यास सुमारे ६०० भरतो, फरक तेवढाच, पण उण्या बाजूस. मूळ व्यासाच्या दोनतीन टक्क्यांच्या आत राहिले म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअर यांचा मूळ मेळ फारसा बिघडत नाही. नवलाची गोष्ट ही की, खाली बसवलेल्या जुन्या गाडीस सर्वांत हितकर टायर हा दुकानातला सर्वांत साधा टायर असतो.

रुंद टायर रस्त्यास अधिक धरतो, या समजुतीचाही येथे परामर्श घेतला पाहिजे. ९०० किलोच्या गाडीचे प्रत्येक चाक सरासरी सव्वादोनशे किलो भार वाहते. टायरमध्ये २६ पौंड हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८ किलो होतो. भिंतींचा ताठरपणा सोडून दिला, तर हवेने तो भार पेलण्यासाठी सव्वाशे चौरस सेंटिमीटर रबर रस्त्यास टेकले पाहिजे. टपाल खात्याचे १४ बाय ९ सेंटिमीटरचे पोस्टकार्ड नेमके तेवढे असते. अशा चार पोस्टकार्डांवर सगळी गाडी उभी आहे. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर हे क्षेत्र वाढत नाही, त्याचा आकार तेवढा पालटतो. लांबट पाऊलखूण आखूड आणि आडवी होते. कोरड्या रस्त्यावरील वळणात याचा थोडा उपयोग होतो, परंतु पावसात हीच आडवी खूण अधिक पाण्याशी झगडते आणि ते बाजूला सारण्यास तिला वेळ कमी मिळतो. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे येथे विसरून चालणार नाही. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांच्या अभ्यासातून दाखविले. त्या सूत्राप्रमाणे २६ पौंडांच्या टायरसाठी तो ताशी सुमारे ८५ किलोमीटर येतो. खाचा झिजलेल्या टायरला हा इशारा विशेष लागू पडतो, आणि १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ खाचांचा टायर बाद समजावा असा दंडक आहे.

रिमची निवड करताना चार बाबींचा तपशील पाहावा लागतो. पहिली, नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार नटांच्या चाकांत ९८, १०० आणि ११४.३ मिलिमीटर ही मापे प्रचलित असून पहिल्या दोहोंतील २ मिलिमीटरचा फरक डोळ्यास दिसत नाही. नट जोराने आवळून डिस्क ‘बसली’ असे वाटते, प्रत्यक्षात ती तिरकी बसलेली असते आणि नट सैल होत जातात. दुसरी, हबवर बसणारे मधले भोक. तिसरी, रुंदी, १७५/६५ आर १४ सारख्या टायरला किमान ५ इंच रुंदीची रिम लागते, आणि जुन्या अरुंद लोखंडी डिस्कवर तो कोंबल्यास त्याच्या भिंती आत खेचल्या जाऊन मधला पट्टा फुगीर होतो. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे ऑफसेट, अर्थात हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. मडगार्डच्या काठाशी चाक भिडावे या हौसेने ऑफसेट कमी केला किंवा मध्ये स्पेसर घातला, की सव्वादोनशे किलोचा भार बेअरिंगपासून दूर सरकून त्याची तरफ वाढते. आणि पॉवर स्टीअरिंग नसलेल्या पद्मिनीत प्रत्येक खड्ड्याचा हिसका चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचतो.

आता गतिरोधकाचा प्रश्न, कारण खाली बसवलेल्या गाडीचे पोट बहुधा तेथेच घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या संहितेप्रमाणे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असावा, त्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.३४ मीटर, म्हणजे गतिरोधकाच्या रुंदीहून कमी; म्हणून गाडीचे पोट माथ्यावर येते तेव्हा चारही चाके गतिरोधकावरच चढलेली असतात, आणि भूमितीने हिशेब केला तर चाकांच्या टेकण्याच्या रेषेवर गतिरोधकाचा फुगवटा अवघा ४ सेंटिमीटर उरतो. तीच १० सेंटिमीटर उंची हातभर रुंदीच्या घरगुती बनावटीच्या उंचवट्याला दिली, की पुढची चाके पार उतरतात, मागची चढावयाची असतात, आणि पोटाखाली पुरते १० सेंटिमीटर येतात. त्यात स्प्रिंगेचे दबणे मिळवावे लागते ते निराळेच. गाडी किती खाली आणावी याची मर्यादा म्हणून संहितेतील गतिरोधकावरून ठरवू नये. आपल्या रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट उंचवट्यावरून ठरवावी.

टायर विकत घेण्यापूर्वी एक कसोटी अवश्य करावी. पुढची स्प्रिंग काढून चाक जॅकने बफरपर्यंत उचलावे आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. चाक कोठे मडगार्डला, कोठे दांड्याला लागते ते तेव्हाच कळते. गाडी खाली आल्यावर पुढच्या दांड्यांचे कोन पालटतात आणि चाकांचे माथे आतल्या बाजूस कलतात, त्यामुळे टायरची आतली कड, जी उभ्याने दिसत नाही, आधी झिजते. अलाइनमेंट पुन्हा करून घेण्यास म्हणूनच पर्याय नाही. टायरच्या भिंतीवरील चार अंकी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष नोंदलेले असते, आणि कमी धावणाऱ्या हौसेच्या गाडीत टायर झिजण्यापूर्वी म्हातारा होतो, हे ध्यानी घेऊन तोही वाचावा. भाराचा निर्देशांक तपासावा. ७९ म्हणजे ४३७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, आणि हे दोन्ही पद्मिनीच्या एका चाकास पुरेसे आहेत.

राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी-दाखल्यात नमूद असलेला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा कडक अर्थच कायम केला. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत घातलेल्या तरतुदींनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. आरंभीच्या पद्मिन्या आता या वयात प्रवेश करीत आहेत, तेव्हा त्यांच्या मालकांनी सांगाडा कापण्यापूर्वी पुढील नोंदणीचाही विचार करावा, आणि मूळ स्प्रिंगा व डिस्क भंगारात न घालता जपून ठेवाव्यात.

या सर्वांचे तात्पर्य क्रमाच्या एका बदलात सामावते. हौशी मालक प्रथम गाडी खाली बसवितो, मग डोळ्यांत भरणारी रिम घेतो, आणि अखेरीस त्या रिमवर चढेल तो टायर शोधतो. शास्त्राचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. प्रथम रस्ता पाहावा, रस्त्यावरून टायरच्या भिंतीची उंची व बाह्य व्यास ठरवावा, टायरवरून रिमची रुंदी आणि ऑफसेट ठरवावा, आणि एवढे सर्व बसल्यावर मडगार्डमध्ये जी मोकळी जागा उरेल तिच्यातूनच, तीही कायद्याच्या मर्यादेत, गाडी किती खाली आणावयाची ते ठरवावे. ओवे गावाच्या आसपासच्या रस्त्यांवर हा हिशेब मांडला, तर उत्तर बहुधा दोन-तीन सेंटिमीटरांपलीकडे जाणार नाही.