शब्दांच्या मुलखात : डळमळीतपणाचे डच शब्द

डच भाषेत अस्थिरतेसाठी एकच शब्द सगळीकडे चालत नाही. वस्तू हलते ती पायामुळे, सांध्यांमुळे की भारामुळे, आणि माणूस डळमळतो तो पायाने की मनाने, यावर शब्द ठरतो. (डच ‘ग’चा उच्चार बहुधा घशातल्या ‘ख’सारखा होतो, पुढचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.)

सर्वांत व्यापक शब्द ‘वांकल’. तोल जाण्याच्या बेतात असलेल्या कशालाही तो लागतो : आजारातून उठलेल्याची पावले, उंच रचलेली थप्पी, काठावरच्या बहुमताचे सरकार. यात पडण्याची भीती असते. ‘वीबेलख’मध्ये नुसतीच हालचाल असते. कॅफेतले टेबल डुगडुगू लागले, की ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, ‘बीरफिल्च’, दुमडून पायाखाली सरकवतात. असे टेबल वीबेलख. एका जागी न बसणाऱ्या चुळबुळ्या मुलाला याच धातूवरून लाडाने ‘वीबेलकॉन्त’ म्हणतात.

झिजून खिळखिळे झालेले ते ‘खामल’ : जुनी सायकल, सांधे सुटलेली खुर्ची. तापातून उठलेला माणूसही स्वतःला खामल म्हणवतो. अंगात त्राण नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘क्राकमिकख’मध्ये मोडकेपणाबरोबर कसेबसे जोडकाम केल्याचीही छटा येते.

मोडकळीस आलेली इमारत ‘बाउफालख’. मात्र कललेली इमारत ‘स्खेफ’ आणि खचलेली ‘फरझाक्त’. हा भेद नेदरलँड्समध्ये महत्त्वाचा आहे, कारण देशाच्या पश्चिम भागातली जमीन पीट आणि चिकणमातीची, भुसभुशीत आहे. ॲमस्टरडॅमची जुनी घरे खोल वाळूपर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. भूजलाची पातळी उतरली की खांबांच्या माथ्यांना हवा लागते, बुरशी धरते आणि घर खचू लागते. लेउवार्डनचा ओल्डहोव्हे हा मनोरा 1529 मध्ये बांधायला घेतला. तो बांधतानाच कलला आणि अपुरा राहिला. तो आजही उभा आहे : स्खेफ खरा, पण बाउफालख नव्हे.

काही शब्द जहाजांवरून आले. सहज कलंडणारे जहाज ‘रांक’, त्याउलट ‘स्तेइफ’, म्हणजे ताठ. वरचा भार जास्त झालेले ते ‘टॉपस्वार’; अधिकारीच फार झालेल्या संस्थेलाही हेच विशेषण लागते. दिशाहीन भरकटणे म्हणजे ‘झ्वाल्कन’. ‘झ्वाबर’ म्हणजे जहाजाचा डेक पुसण्याचा लांब दांड्याचा पोतेरा. त्यावरून सरकारच्या धरसोडीच्या धोरणाला ‘झ्वाबरबलेइत’ म्हणतात. ठरलेली गोष्ट पुन्हा अनिश्चित झाली, की ती ‘सैल स्क्रूंवर’ उभी आहे, असा वाक्प्रचार आहे.

ऊन-पावसाचा खेळ चाललेली हवा ‘विसलफालख’. अंदाज सांगताना हा शब्द वारंवार येतो. किमती वरखाली होतात तेव्हा त्या ‘स्खॉमलन’ करतात, म्हणजे झोके घेतात.

माणसाच्या मनाबाबत तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात. लहरी, घडीघडी मत बदलणारा तो ‘विस्पलट्यूरख’. निर्णय घेताना कचरणारा तो ‘वांकलमूदख’. यात ‘मूत’चा अर्थ धैर्य नव्हे, तर मन, आणि तेच इथे डळमळते. मानसिक तोल सहज ढळणारा तो ‘लाबील’. भौतिकशास्त्रातही हाच शब्द आहे : टोकावर उभी केलेली पेन्सिल लाबील समतोलात असते, जरा धक्का लागला की पडते. माणसाला लाबील म्हणणे म्हणजे त्याच्या मानसिक प्रकृतीविषयी गंभीर विधान करणे. म्हणून नुसत्या लहरीपणासाठी तो वापरू नये. तिथे विस्पलट्यूरख पुरतो.