अख्खा गर, पाकळी आणि भाव

"आधी हाताक तेल लाव," कटरवर बसलेल्या काकींनी बजावलं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. त्यांची स्वतःची बोटं काळवंडलेली होती.

दोडामार्ग तालुक्यातला हा छोटा कारखाना. आदल्या दिवशी वाफवून पसरलेली बी पुढ्यात येते. वाफेने टरफल चिवट होतं आणि आतला गर सुटतो. बी दोन पात्यांत धरायची, पायाने पायडल दाबायचं, पाती रुतली की हाताने दांडा फिरवायचा. पाय जरा जास्त पडला की गराच्या पाकळ्या! पाकळीला अख्ख्या गराचा भाव नाही. काकी बीकडे बघतसुद्धा नव्हत्या, शेजारणीशी लग्नाच्या याद्या चालल्या होत्या.

पुढे गर वाळवतात, साल काढतात, मग प्रतवारी. 320 नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर. 180 म्हणजे टपोरे. नंबरावरून आकार कळतो, गाव कळत नाही. कोपऱ्यात आफ्रिकेतून आलेल्या बियांची पोती होती. त्या बियांचा गर आणि इथल्या वेंगुर्ला-7 जातीचा गर, दोन्हींना एकच मोजपट्टी. (तसा काजूही मुळात ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला, तेव्हा 'आपला' म्हणताना छाती फार फुगवू नये.)

मालकांचं म्हणणं, गावची बी मार्च ते मे. पुढे बायकांना काम द्यायचं तर बाहेरची आणावीच लागते. ते मला पटलं. पण 2018 मध्ये कच्च्या काजूवरचं आयात शुल्क 5 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. बाहेरची बी स्वस्त पडली की ऐन हंगामात बागायतदाराला भावासाठी ताणून धरता येत नाही. हद्दीपलीकडे गोवा सरकारने 2023 मध्ये किलोला 150 रुपये आधारभूत किंमत केली. इकडच्या बागायतदारांना तशी हमी नव्हती.

किलोभर गराला चारेक किलो बी लागते. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, ते हवंच. पण त्याने झाडाखाली बी वेचणाऱ्याच्या हाती किती पडलं, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मी घेतलेल्या पाकिटावर प्रथिनं, स्निग्धांश, साखर, सगळं दशांश चिन्हासकट छापलेलं होतं. बीला दिलेला भाव आणि किलोमागची फोडणावळ, या दोन ओळी तिथे सहज मावल्या असत्या.