दोन ओहमचा भरवसा

हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मेली आहेत आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटलेला आहे, अशी तिहेरी तक्रार घेऊन गाडी आली की भोसरीतल्या या गॅरेजचे मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतात, "क्लॉक स्प्रिंग गेली." स्टिअरिंगच्या मागे प्लॅस्टिकच्या डबीत एक चपटी केबल गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरेल तशी ती आवळते, सैल होते. हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग, तिन्हींच्या तारा तिच्यातूनच जातात. ती तुटली की तिन्ही एकदम बंद.

असं काम पूर्वी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच होत असे. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही. त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडून रस्त्याकडेच्या गॅरेजांत यायला लागल्या आहेत. पान्यापेक्षा हातोडीवर विश्वास असलेल्या आपल्या धंद्यात हे जरा नाजूक प्रकरण आहे.

मिस्त्रींनी पुढची चाकं सरळ केली, चावी काढली आणि पोऱ्याला सांगितलं, "मायनस काढ." बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटलं, त्याच्यावर फडकं गुंडाळलं गेलं. आणि मग काहीच नाही. ते चहा घ्यायला निघाले.

हा चहा कामाचाच भाग आहे. अपघातात बॅटरीचा चुराडा झाला तरी एअरबॅग फुटावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. बॅटरी सुटल्यावरही त्यात थोडा वेळ वीज उरते. टोयोटाची पुस्तिका दीड मिनिट थांबायला सांगते, होंडाची तीन. मिस्त्री कुठल्याही गाडीला दहा मिनिटं देतात. "घाई झालेल्या गिऱ्हाइकाला मी चहा पाजतो," म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी स्टिअरिंगच्या बाजूच्या भोकातून पातळ स्क्रूड्रायव्हर घालून आतली तार दाबली आणि मधला भाग सुटून पुढे आला. मागे पिवळे कनेक्टर. एअरबॅगच्या तारा सहसा पिवळ्याच असतात, म्हणजे वायरिंगवाल्याने चुकून तिथे टेस्ट लॅम्प लावू नये. कनेक्टर निघताच त्याच्या आतली पितळी पट्टी दोन्ही टोकं आपोआप जोडते. अंगावरच्या स्थिर विजेने आतली काडी पेटू नये, एवढ्यासाठी ही सोय.

काडी म्हणजे अगदी बारीक पेटवणी. ती पेटली की आतलं रसायन जळून वायू होतो आणि साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी भरते. पापणी लवायलाही याच्या तिप्पट वेळ लागतो. न फुटलेल्या सुतळी बॉम्बवर जसं कुणी वाकून बघत नाही, तसं मिस्त्री एअरबॅगच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड नेत नाहीत. झाकणाची बाजू अंगापासून लांब धरून ते ती नेतात आणि झाकण वर ठेवूनच मोकळ्या टेबलावर ठेवतात. पालथी ठेवलेली एअरबॅग फुटली तर अख्खं धूड छताकडे उडेल. तिच्यावर पाना नको, पुसायचं फडकंसुद्धा नको.

मी विचारलं, ती ठीक आहे हे मल्टिमीटरने का बघत नाही? ते माझ्याकडे जरा चमकून बघत राहिले. मीटर मोजण्यासाठी स्वतःच करंट सोडतो, म्हणून एअरबॅगवर तो लावायला पुस्तिकांत सक्त मनाई आहे. त्याऐवजी त्यांनी खोक्यातून दोन ओहमचा रेझिस्टर काढून सुटलेल्या पिवळ्या कनेक्टरला जोडला, बॅटरी लावली आणि स्कॅनर घातला. कंट्रोल युनिटला ही एअरबॅगच वाटते, कारण पेटवणीचा रोधही तेवढाच, दोन-तीन ओहम. फॉल्ट गेला असता तर खोट एअरबॅगमध्ये. तो गेला नाही, म्हणजे क्लॉक स्प्रिंगच. पुन्हा मायनस काढलं, पुन्हा दहा मिनिटं. यावेळी चहा मी पाजला.

उरलेलं काम पुस्तकी आहे: शाफ्टवर खूण करायची, स्टिअरिंग ओढून काढायचं, नवी डबी बसवायची. मात्र तिचं कुलूप ती बसेपर्यंत काढायचं नाही. केबल मधोमध नसली तर पहिल्याच यू-टर्नला तुटते. सगळं जोडल्यावर कुणालाही आत बसू न देता मिस्त्रींनी बाहेरूनच हात घालून चावी फिरवली. दिवा लागला, काही सेकंदांनी विझला. हॉर्न वाजला.

हा दिवा फक्त ओहम मोजतो. पिशवी जागेवर आहे का, रसायन शाबूत आहे का, हे त्याला कळत नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण, दमट हवेत ते वर्षानुवर्षं खराब होत गेलं आणि फुटताना धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात होंडाच्या भारतातल्या गाड्याही होत्या. २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. अशा गाड्यांतही दिवा गप्पच असू शकतो. जुनी गाडी घेताना चॅसिस नंबर देऊन कंपनीकडे विचारून घेणं, एवढं आपल्या हातात आहे.

आणि खोक्यातला तो रेझिस्टर. एकदा एअरबॅग फुटली की नवी एअरबॅग, बेल्टचे प्रीटेन्शनर, कंट्रोल युनिट, बऱ्याचदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. हा खर्च जुन्या छोट्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. मग कुणीतरी फाटलेल्या पिशवीच्या जागी रेझिस्टर लावून वर झाकण चिकटवतं. दिवा शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. मिस्त्री म्हणूनच डॅशबोर्डच्या सांध्यावरून बोट फिरवून बघतात.

पुढच्या गाडीत त्यांचं बोट असंच अडकलं. सेकंडहँड घेतलेली गाडी, एसीसाठी आलेली. ग्लोव्ह बॉक्स काढून टॉर्च मारला तर एअरबॅगच्या जागी पोकळी आणि पिवळ्या कनेक्टरला टेपने बांधलेला रेझिस्टर. मालक आधी हबकले, मग खर्चाचा आकडा ऐकून म्हणाले, "दिवा तर लागत नाहीये ना? मग राहू द्या तसंच, फक्त एसी करा."

मिस्त्रींनी एसी केला. जॉब कार्डवर मराठीत लिहिलं, "डाव्या बाजूची एअरबॅग नाही, मालकांना दाखवली," आणि गाडी सोडायच्या आधी खाली सही घेतली.